गाइडबरोबर लेणी-गुहा बघताना विचित्र सहप्रवासी भेटले तर काय करावं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतली २२ माणसं दिवाळीनंतर अजिंठा-वेरूळला निघाली आहेत. जमलं तर नंतर आंध्र प्रदेशातल्या बेलम गुहांची वेगळी फेरी करायचा विचार आहे. वयं ९ ते ७१. गाडी, मुक्काम, जेवण ठरलंय. प्रश्न माणसांचा आहे.

गाइड घेतला की मागे परके लोकही येऊन मिसळतात आणि आपल्यातही नाना स्वभाव असतात. एक जण हाळी देऊन आवाज घुमवतो. एक जण गाइडचं वाक्य तोडून स्वतःची माहिती सांगतो. कोणी प्रत्येक मूर्तीला हात लावून पाया पडतं, कोणी रीलसाठी वाट अडवून उभं राहतं, कोणाच्या खिशात गाणी वाजत असतात. उघड्यावर अशा माणसापासून लांब जाता येतं, गुहेत कुठं जाणार? अशा वेळी बोलायचं कोणी, गाइडनं की आपण? आणि निघायच्या आधीच काय केलं तर ही वेळ येणार नाही? जाणकारांनी नेमकं सांगावं.

बाळीवेस_अण्णा

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवार टाळून बुधवार-गुरुवार धरलात तर गर्दी कमी आणि निम्मी डोकेदुखी तिथंच संपते. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूर फाट्यापर्यंतच जाते. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या गाडीनं. त्या गाडीत २२ जण एकदम मावतील असं धरू नका, गट तिथंच फुटतो. वर गेल्यावर कुठं जमायचं ते खालीच सांगून ठेवा.

लेणीवाचक

माणूस मुळात विचित्र असतो त्यापेक्षा जास्त वेळा गटाची रचना त्याला विचित्र करते, असं माझं ठाम मत आहे.

लेण्यात गाइडचा आवाज शब्द कळतील असा फार तर १५ जणांपर्यंत पोचतो. दगडाच्या भिंतींवरून आवाज परत येतो, शब्दात शब्द मिसळतो आणि मागच्याला नुसती गुणगुण ऐकू येते. ज्याला ऐकू येत नाही तो कंटाळतो. कंटाळलेला माणूस मोबाइल काढतो, खांबाला टेकतो, नाहीतर शेजाऱ्याशी बोलायला लागतो. त्याच्या बोलण्यानं पुढच्यालाही ऐकू येईनासं होतं. म्हणून २२ जणांना दोन गाइड घ्या, ११-११ करा, आणि दोन्ही गट एकाच लेण्यात एकदम नेऊ नका. एकानं १ नंबरपासून सुरुवात करावी, दुसऱ्यानं २६ कडून उलटं यावं.

दुसरं म्हणजे क्रम. सगळे हळू चालणाऱ्यांना मागे ठेवतात, तिथंच चुकतं. गाइड थांबतो, बोलायला लागतो, मागचे आजोबा पोचेपर्यंत त्याचं संपतं आणि तो पुढं निघतो. म्हणजे पुढच्यांना दर ठिकाणी विश्रांती मिळते आणि ज्यांना ती खरी हवी त्यांना एकदाही मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या लेण्याला ते चिडतात, "काही दाखवतच नाहीत" म्हणायला लागतात आणि आपण त्यांना तिरसट ठरवतो. हळू चालणारे गाइडच्या लगेच मागे, धडधाकट तरुण मध्ये आणि अगदी शेवटी एक जबाबदार माणूस. त्यानं यादी खिशात ठेवायची आणि कोणाच्याही पुढं जायचं नाही. तो आत आला की हात वर करेल, मगच गाइड बोलायला सुरुवात करेल, एवढं गाइडशी आधी बोलून ठेवा. चांगले गाइड हे आनंदानं मान्य करतात, कारण तेच तेच दोनदा सांगायचा त्यांचा त्रास वाचतो.

शेंगाचटणी

शेवटच्या माणसाचं एकदम बरोबर बोललाव मालक. फक्त तो माणूस फोटोचा नाद नसलेला निवडा. नाहीतर सगळे पुढं अन् शेपूटच मागं राहायलंय असं व्हायचं.

कंदील

फोटोवरून आठवलं, फ्लॅशचं एक नीट समजून घ्या. "मी फ्लॅश वापरतच नाही" म्हणणाऱ्याच्याच फोनचा फ्लॅश चित्रांवर उडतो. कारण त्याचा फ्लॅश 'ऑटो'वर असतो. बाहेर उन्हात तो उडत नाही म्हणून माणूस समजतो बंद आहे. आत शिरल्यावर उजेड कमी झाला की फोन आपला आपण ठरवतो. पहिल्या लेण्याच्या बाहेर सगळ्यांचे फोन हातात घ्यायला लावा आणि 'ऑटो' नव्हे, 'बंद' ही खूण प्रत्येकाला दाखवून खात्री करा. मोठा कॅमेरा असेल तर फोकस धरताना लागणारा छोटा दिवा वेगळा असतो, तोही बंद करावा लागतो. रील काढणाऱ्यांचा व्हिडिओचा दिवा फ्लॅशपेक्षा वाईट, तो सलग पेटलेला राहतो.

बिनफ्लॅशचा फोटो हलतो म्हणून लोक फ्लॅशकडे वळतात. त्यांना पर्याय द्या: नाइट मोड, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास सोडून थांबायचं, बटण दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावायचा. खांबाला किंवा भिंतीला टेकायचं नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, गळ्यात अडकवून नेऊ नका, दारात वाद होतो.

आणि डोळ्यांना वेळ द्या. अंधाराची पूर्ण सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, पण दोन-तीन मिनिटं शांत उभं राहिलं तरी अजिंठ्याच्या १ नंबरमधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हळूहळू उमटायला लागतं. मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग बोटांत धरलेलं निळं कमळ. त्या वेळेला कोणीतरी मोबाइलचा पांढरा पडदा उजळला की सगळ्यांचे डोळे परत पहिल्यापासून सुरू. हे कारण सांगितलं तर लोक ऐकतात. नुसतं "मोबाइल बंद करा" म्हटलं तर ऐकत नाहीत.

पार्क_चौक

थोडा वेगळा सूर लावतो. लोक सुट्टी काढून, पैसे खर्चून आलेले असतात. त्यांना शाळेतल्या मुलांसारखं रांगेत उभं करणं मला पटत नाही. एखादा जोरात हसला, एखाद्यानं आवाज घुमवून बघितला तर काय बिघडतं? दगड आहे, दोन हजार वर्षं टिकलाय.

लेणीवाचक

पार्क_चौक, दगड टिकलाय, चित्रं दगडावर नाहीत. खडकावर माती, भाताची तूसं, गवताचे तंतू यांचा लेप, त्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर रंग. हा लेप खडकाला नुसता धरून आहे. बोट टेकलं की कडेचा पोपडा निघतो. माणसांच्या श्वासानं आतली दमट हवा वाढते ती वेगळीच. म्हणूनच मुख्य चित्रांच्या लेण्यांत ठराविक संख्येनंच आत सोडतात. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ ला लोकांसाठी उघडली आणि १९६३ ला बंद करावी लागली. कारण काय, तर बघायला येणाऱ्यांचा श्वास आणि दिव्यांचा उजेड. चित्रांवर शेवाळ धरायला लागलं होतं. तिथं कोणी वाईट वागलं नव्हतं, नुसते खूप लोक आले होते.

हसण्याला माझी ना नाही.

पार्क_चौक

लास्कोचं पटलं. पण मग आवाजाचं काय? आवाजानं लेप पडत नाही ना?

गिरणीचा_भोंगा

आवाजाचं मी सांगतो. एका हाळीनं लेणं पडत नाही. पण वेरूळच्या १० नंबरमध्ये, विश्वकर्मा लेण्यात, छत लाकडी फासळ्यांसारखं दगडात कोरलेलं कमानदार आहे. तिथं एका शब्दाचा नाद बराच वेळ रेंगाळतो. तुमच्या माणसानं हाळी दिली की आत असलेल्या दुसऱ्या दोन गटांच्या गाइडना थांबावं लागतं. त्यांनी परत सुरू केलं की दुसरा कोणीतरी देतो, कारण पहिल्याचं ऐकून त्यालाही हौस येते. एक हाळी म्हणजे दहा हाळ्या.

यावर उपाय मनाई करणं हा नाही. गाइडलाच सांगा की आवाज कसा घुमतो ते तुम्हीच एकदा दाखवा. तिथं एक संथ, लांब स्वर लावला तर खरी मजा कळते. ओरडलं की नुसता गोंगाट होतो. एकदा सगळ्यांनी मिळून ऐकलं की ओरडायची हौस बहुतेकांची फिटते.

नैसर्गिक गुहेत मात्र हाळी नकोच, वटवाघळं उठतात.

विजापूर_वेस

आवाजाचीच हौस असेल तर सोलापूरकरांनी अजिंठ्यापर्यंत कशाला जायचं, शंभरेक किलोमीटरवर गोलघुमट आहे की! पण तिथंही निम्म्या लोकांना काही ऐकू येत नाही, कारण सगळे एकदम ओरडतात. पद्धत अशी: सकाळी दार उघडताच वर जायचं. सज्जात एकानं भिंतीकडे तोंड करून, ओठ भिंतीपासून वीतभर लांब ठेवून हळू बोलायचं, कुजबुजीच्या आवाजात. दुसऱ्यानं बरोबर समोरच्या बाजूला भिंतीशी कान न्यायचा. आवाज गोल भिंतीच्या कडेकडेनं सरकत येतो, मधल्या पोकळीतून नाही. म्हणून तोंड घुमटाच्या मध्याकडे करून ओरडणाऱ्याला नुसता प्रतिध्वनी मिळतो, कुजबुज मिळत नाही. पोरांना आधी हे करून दाखवा, नंतर लेण्यात ती आपणहून हळू बोलतात.

शेंगाचटणी

आमच्या पोरांना हळू बोलता येतं हेच मला नवीन आहे अण्णा. नेऊन बघतो.

अनुराधा_सातरस्ता

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. विचित्र वागणारा प्रत्येक माणूस बेशिस्त नसतो, काही जण घाबरलेले असतात. बंद जागेची भीती बेलमसारख्या गुहेत अचानक वर येते, ज्यांना आयुष्यात कधी ती जाणवली नाही त्यांनाही. बेलम जमिनीखाली आहे, खड्ड्यातून पायऱ्यांनी आत उतरायचं. पर्यटकांसाठी खुली वाट सुमारे दीड किलोमीटर, काही ठिकाणी अरुंद आणि बुटकी. आत उकडतं, हवा दमट, घाम वाळत नाही.

चिन्हं ओळखा. बडबडा माणूस एकदम गप्प होतो किंवा गप्प माणूस सारखे विनोद करायला लागतो. "अजून किती आहे" हे तीन-चारदा विचारतो. वरवरचा, भरभर श्वास, ओठाभोवती किंवा बोटांना मुंग्या. पुढच्याला ढकलत चालतो. अशा वेळी कोणी हसलं की त्याचा राग निघतो आणि मग भांडण.

करायचं असं: त्याला नावानं हाक मारा, जिथं वाट रुंद आहे तिथं बाजूला घ्या, बसवा. भोवती घोळका नको, एकच माणूस जवळ. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष द्यायला सांगा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा मिनिटं. परतायचं असेल तर लगेच, "थोडंच राहिलंय" म्हणून पुढं ओढू नका, कारण पुढं नेलेलं प्रत्येक पाऊल परत यायचंच असतं. सोबत एक जण द्या, एकट्याला सोडायचं नाही. छातीत दुखतंय, हात जड झालाय, घाम थंड आहे असं म्हणाला तर ती भीती समजू नका, सरळ बाहेर आणि डॉक्टर.

काही गाइड आत दिवे बंद करून पूर्ण अंधार दाखवतात. तुमच्या गाइडला ते करायचं असेल तर आधी सांगायला लावा. दम्याचा पंप, रक्तदाबाच्या गोळ्या, पाणी हे गाडीत नाही, अंगावर.

जुळे_सोलापूरकर

अनुराधाताई, हे फार उपयोगी. आमच्यात दोघांना दमा आहे, त्यांना बेलमबद्दल आधीच स्पष्ट सांगतो. आता गाइडचं वाक्य तोडणाऱ्या काकांचं कोणी बोला. ते आमच्याकडे हमखास आहेत.

दगडफोड्या

असे काका मला मनापासून आवडतात. त्यांना विषयाची ओढ असते, फक्त वेळ चुकते. त्यांना काम द्या. आदल्या दिवशी सांगा, "काका, वाकाटक राजांबद्दल बसमध्ये दहा मिनिटं तुम्ही बोला." मनातलं बोलून झालं की माणूस लेण्यात शांत राहतो.

बिकट प्रकार वेगळा. कैलास लेणं माणसानं कोरलंच नाही, परग्रहावरून कोणीतरी येऊन केलं, असं सांगणारा गटात घुसतो आणि पोरं त्याच्याभोवती जमतात. त्याच्याशी शब्दांनी वाद घालू नका, छिन्नीच्या खुणा दाखवा. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथं पद्धत उघडी पडलेली दिसते. आधी छताच्या पातळीला आत चर पाडायचे, मग खाली उतरत जायचं, खांबांच्या जागी दगड राखून. छत आधी, जमीन शेवटी. उभं राहायला खालचा न फोडलेला दगडच असतो, परांची लागत नाही. वेरूळचा कैलासही तसाच वरून खाली. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात डोंगराला तीन बाजूंनी खोल चर मारून मधला दगड मोकळा केला आणि शिखरापासून कोरत उतरले. म्हणून अजिंठा आधी आणि वेरूळ नंतर असा क्रम ठेवा. अर्धवट काम बघितलेल्या पोराला पूर्ण काम बघताना कोणी भुलवू शकत नाही.

कंदील

यात एक भर. गाइडही कधी कधी चुकीचं सांगतात. "चित्रातले डोळे तुमच्यामागे फिरतात" हा खेळ जगातल्या कुठल्याही समोर बघणाऱ्या चित्रात होतो, त्यात गूढ काही नाही. पण सगळ्यांसमोर गाइडला खोटं पाडू नका. त्याचा शब्द पडला की पुढच्या लेण्यात त्याचं कोणी ऐकत नाही, "हात लावू नका" हेसुद्धा. लेण्याबाहेर आल्यावर बाजूला घेऊन विचारा.

मीनाक्षी_होटगी

हात लावून पाया पडणाऱ्यांबद्दल. त्यांचा भाव खरा असतो, त्यामुळे "हात काढा" असं दरडावलं की ते दुखावतात. सुरुवातीलाच गाइडनं "इथं दुरून नमस्कार करायचा, बोटाचं तेल दगडाला आणि रंगाला लागतं" असं सांगितलं तर सगळे दुरून करतात. तोच माणूस, तोच भाव.

मुद्दाम ओरखडणारा, नाव कोरणारा मात्र वेगळा. संरक्षित स्मारकाचं नुकसान किंवा विद्रूपीकरण हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथं तुम्ही हात धरायला जाऊ नका. प्रत्येक मोठ्या लेण्याशी पहारेकरी असतो, त्याला बोलवा आणि माणूस कुठं उभा आहे ते सांगा.

लेणीवाचक

नाव कोरण्यावरून. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं स्वतःचं नाव आणि एप्रिल १८१९ ची तारीख चित्रावर ओरखडून ठेवली आहे. शिकारीला आलेला, लेणी त्याच्या नजरेस पडली, त्यानं पहिलं काम हे केलं. ते नाव आज डोक्यापेक्षा बऱ्याच उंचावर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात कित्येक फूट राडारोडा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. गाइडला ते दाखवायला सांगा. त्याच्या शेजारी बोधिसत्त्वाचं चित्र आहे, दोन्ही एकदम बघितलं की पोरांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

हुतात्मा_बाग

बेलमबद्दल विचारतो. तिथं सप्तस्वर गुहेत लटकत्या दगडांवर वाजवून सूर काढून दाखवतात. मग "हात लावू नका" कसं सांगायचं? गाइडच वाजवतो.

दगडफोड्या

खरा पेच आहे. पातळ पडद्यासारखा किंवा पोकळ नळीसारखा चुन्याचा दगड वरून लोंबतो, खालून मोकळा असतो, म्हणून लाकडी काठीनं टकटक केलं की धातूसारखा वाजतो. जाड, खाली टेकलेला वाजत नाही. माझं मत असं की वाजवणं बंदच व्हावं. प्रत्येक टोल्यानं आत बारीक भेग सरकू शकते आणि टोक तुटलं की तो सूर गेला, परत येत नाही. शुद्ध चुनखडीच्या गुहेत असा दगड वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाढतो. १० सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे हजारेक वर्षं.

गिरणीचा_भोंगा

मला हे पूर्ण मान्य नाही. ती एक जागा दाखवण्यासाठी राखली तर लोकांची उत्सुकता तिथं भागते आणि बाकीची गुहा वाचते. सगळीकडे मनाई केली तर लोक गाइडची पाठ फिरली की प्रत्येक दगड ठोकून बघतील. फक्त वाजवायचं गाइडनं, एकदाच, काठीनं. पर्यटकाच्या हातात काठी द्यायची नाही.

दगडफोड्या

एकदाच म्हणता, पण दिवसाला किती गट येतात? प्रत्येकाचं 'एकदाच' धरलं की वर्षाचा आकडा मोठा होतो. यावर आपलं जमणार नाही, राहू दे. पण हातानं चोळू नये यावर तरी एकमत असावं. तळहाताचं तेल बसलं की पाणी त्या जागी धरत नाही, चुना साचणं थांबतं, दगड काळा आणि गुळगुळीत होतो. जिथं वाट अरुंद आहे तिथं खांद्याच्या उंचीला असे काळे पट्टे दिसतात. पाठीवरची सॅक पुढं छातीवर घ्यायला सांगा, निम्मं घासणं थांबतं.

मीनाक्षी_होटगी

बेलमच्या कोटिलिंगांच्या दालनात हळद-कुंकू, उदबत्ती, तेल नेणारेही असतात. लिंगासारखे आकार बघून हात आपोआप पिशवीत जातो. कुंकू ओल्या चुन्यात मुरतं, निघत नाही. उदबत्तीचा धूर बाहेर जायला जागा नसते, तो छतावरच बसतो. आणि ठिबकणारं पाणी तीर्थ म्हणून पोरांना पाजू नका. वर वटवाघळं असतात, पाणी कुठून झिरपून आलं ते दिसत नाही. पाताळगंगा ही गुहेतली सर्वांत खोल जागा, वरपासून सुमारे ४६ मीटर. तिथपर्यंत उतरलेला माणूस घामानं भिजलेला असतो आणि पाणी बघून ओंजळ पुढं करतो. बाटली जवळ असली तर करणार नाही.

पार्क_चौक

बरं, खिशात गाणी वाजवणाऱ्याचं काय? त्याला तर कारण सांगूनही पटत नाही.

बाळीवेस_अण्णा

मालक, त्याला कारण सांगूच नका. कारण सांगितलं की वाद सुरू. एकट्यानं, जवळ जाऊन, सगळ्यांसमोर नाही, हसून म्हणायचं, "दादा, आमच्या आजींना गाइडचं ऐकू येईना, जरा बंद करता का?" आजींना मात्र खरंच शेजारी उभं करा. शंभरातले नव्वद लगेच बंद करतात. न करणाऱ्याशी बोलायचं गाइडनं, तेही न जमलं तर पहारेकऱ्यानं. आपण दुसऱ्यांदा बोलायचं नाही. पहिल्या वेळेला विनंती असते, दुसऱ्या वेळेला भांडण.

आणि आपल्या गाइडच्या मागे फुकट ऐकत येणारा एखादा असेल तर येऊ द्या. चार शब्द त्याच्याही कानावर पडले तर काय कमी होणार आहे? तो प्रश्न विचारून वेळ खायला लागला तरच गाइडला सांगा.

अनुराधा_सातरस्ता

अण्णा, हे गटातल्या लोकांनाही लागू. आपल्याच माणसाला सगळ्यांदेखत टोकलं की तो दिवसभर फुगून बसतो.

विजापूर_वेस

अजिंठ्याला कड्याला आग्या मोहोळं लागतात हे कोणी बोललं नाही. दगड मारणारा, सिगारेट पेटवणारा, दाट अत्तर मारून येणारा हा तिथं विचित्र नाही, धोकादायक. माश्या उठल्या तर हात झटकायचे नाहीत, ओरडायचं नाही, ओढणी-शर्ट तोंडावर घ्यायचा आणि सरळ रेषेत लांब जायचं, शक्यतो बंद जागेत. खाली वाघूर नदीच्या पाण्यात उडी मारायची कल्पना काढून टाका, माश्या वर वाट बघत राहतात.

माकडांना खायला घालणाराही तसलाच. कर्नाटकातल्या बदामीच्या लेण्यांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. प्लॅस्टिकच्या पिशवीचा नुसता आवाज झाला तरी माकडं येतात आणि पिशवी कोणाची ते बघत नाहीत, जवळच्या पोराच्या हातातलं ओढतात. कडक भाकरी, चटणी सगळं गाडीत ठेवा.

शेंगाचटणी

चटणी गाडीत ठेवायला सांगता म्हणजे तुम्ही आमचा जीवच मागायलाव. पण बदामीच्या माकडांना तिखट झेपायचं नाही, ठेवतो.

दगडफोड्या

जुळे_सोलापूरकर, एक सुचवतो. एवढ्या लोकांना पहिल्यांदाच एकदम अजिंठ्यात उतरवण्याआधी धाराशिवच्या लेण्यांत अर्धा दिवस सराव करा. सोलापूरहून धाराशिव ६५-७० किलोमीटर, शहरापासून लेणी सात-आठ किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात. गर्दी जवळजवळ नसते. २ नंबरचं लेणं अजिंठ्याच्याच धर्तीचं, मोठा खांबांचा मंडप, कडेनं खोल्या, मागे गाभारा. हळू चालणारे पुढं, यादीवाला मागं, फोनचा फ्लॅश बंद, दोन मिनिटं अंधारात शांत उभं राहणं, हे सगळं तिथं करून बघता येतं. कोणाचा गुडघा किती चालतो आणि कोणाला अंधार सोसत नाही हेही कळतं.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. कॉलनीच्या बैठकीत हे ठरलं: दोन गाइड, ११-११. मागचा माणूस ठरला, त्याला फोटोचा नाद नाही. बसमध्ये काकांची दहा मिनिटं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी धाराशिव. त्रास देणाऱ्या परक्याशी एकदाच आणि एकट्यानं बोलायचं, पुढचं गाइडवर सोपवायचं. बेलम दमेकऱ्यांना सोडून आणि रेल्वेनं, मुंबई-चेन्नई मार्गावर ताडीपत्री स्टेशनला उतरून. तिथून गुहा तीसेक किलोमीटर आहे ना?

हुतात्मा_बाग

हो, साधारण तेवढंच. सगळ्या गाड्या ताडीपत्रीला थांबत नाहीत, आरक्षणाआधी थांबा बघून घ्या. परतीची वाहनं तिथं संध्याकाळी कमी मिळतात, जीप दिवसभरासाठीच ठरवा.

मीनाक्षी_होटगी

अजिंठ्यासाठी एक लहानशी गोष्ट सांगून ठेवते. चित्रांच्या लेण्यांबाहेर चपला-बूट काढावे लागतात आणि दुपारी बाहेरचा काळा दगड चांगलाच तापतो. पाय भाजले की लोक गाइडला सोडून सावलीकडे पळतात आणि गट फुटतो. प्रत्येकाला जाड सुती मोजे आणायला सांगा. पण पायरी ओली असेल तर मोजे घसरतात, तेवढ्यापुरते काढायचे. लेसचे बूट नकोत, २२ जणांच्या लेस दर लेण्याला सोडायच्या-बांधायच्या म्हटलं तर अर्धा तास त्यातच जाईल.